कुंदनसरांचा जावाचा तास

कुंदनसरांना आम्ही पहिले काही महिने आवाजाने नाही, अक्षराने ओळखत होतो.

सुरतेतल्या आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब दुसऱ्या मजल्यावर होती. तिच्या दारावर, खिडकीवर, पंख्याच्या बटणांवर, निम्म्या मॉनिटरवर सरांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. 'हा माउस डावीकडे जात नाही. उजवीकडून फिरवून आणा.' 'या मशीनला सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. बटण पुन्हा दाबू नका, ते घाबरतं.' आधी मराठीत, त्याखाली गुजरातीत, त्याखाली हिंदीत. अक्षर गोल, ओळी सरळ. चिठ्ठ्या वाचून आम्हाला हसू यायचं, पण लिहिणारा माणूस कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेला असायचा आणि मान वर करायचा नाही. काही विचारलं तर मान हलवायचा, उठून यायचा, मशीन नीट करून परत जायचा. ललित नावाचा आमच्या वर्गातला मुलगा छातीठोकपणे सांगायचा, "मुका आहे तो."

सर मुके नव्हते. कुंदन दगा बोरसे, वय बत्तीस, राहणार गोडादरा, लॅब असिस्टंट. ते अडखळत बोलत, आणि तेही असं की ऐकणाऱ्यालाच दम लागावा. म्हणून बोलतच नसत.

मी तेव्हा बीसीएच्या पहिल्या वर्षाला होते. लिंबायतमधल्या मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकले, मग दहावी-बारावी गुजराती माध्यमातून केली, आणि बीसीएला सगळं इंग्रजी. बाबा इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. दुसऱ्या सेमिस्टरला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा होती. पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, एन्कॅप्सुलेशन. मी प्रत्येक शब्दाचा अर्थ मोबाइलवर शोधून वहीत लिहायचे. अर्थ सापडायचा, पण कळायचं काहीच नाही. शिकवणाऱ्या मॅडम पडद्यावर एकेक पान सरकवत वाचून दाखवत. मध्येच त्यांच्या नवऱ्याची बदली वडोदऱ्याला झाली आणि त्या नोकरी सोडून गेल्या.

आठ दिवस तास रिकामा गेला. मग एके सकाळी प्रिन्सिपल मॅडम वर्गात आल्या. त्या गुजराती, बोलायला गोड पण घाईच्या. त्यांच्या मागे कुंदनसर उभे होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली.

"नवीन सर मिळे त्यां सुधी कुंदनभाई लेशे," त्या म्हणाल्या. "तेमने बधुं आवडे छे." म्हणजे नवीन सर मिळेपर्यंत हेच शिकवतील, यांना सगळं येतं. एवढं सांगून त्या निघूनही गेल्या. दार लागलं तेव्हा सरांचा चेहरा असा झाला होता, की जणू कुणीतरी त्यांना आत कोंडून बाहेरून कडी घातली आहे.

त्यांनी मार्कर उचलला. फळ्यावर 'डेटा टाइप' असं लिहिलं. मग आमच्याकडे वळून ते बोलायला गेले आणि 'ड'वरच अडकले. आवाज आलाच नाही. डोळे मिटले गेले, जबडा आवळला, उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर एवढा दाबला गेला की नख पांढरं पडलं. पाच सेकंद. दहा सेकंद. वर्गात पंखे घरघरत होते.

"सर हँग हो गए," मागच्या बाकावरून ललित म्हणाला. "रिस्टार्ट करो कोई."

वर्ग हसला. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा हसले. तोंडावर ओढणी धरून हसले.

सरांनी डोळे उघडले. ते रागावतील किंवा निघून जातील असं वाटलं. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि फळ्यावर लिहायला लागले. पहिली ओळ: 'मी बोलताना अडकतो.' दुसरी: 'माझा शब्द कुणी पूर्ण करायचा नाही. तो मी करीन.' तिसरी: 'मी अडकलेला असेन तेवढ्या वेळात फळ्यावरच्या कोडमधली चूक शोधा.' खाली हिंदीत तेच. मग उरलेल्या फळ्यावर त्यांनी तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि आम्हाला लॅबमध्ये चलायची खूण केली.

त्या तीन ओळी मी कधी विसरणार नाही. पहिली होती: इंट वय, बरोबर एकोणीस. त्यातलं 'इंट' इंग्रजी लिपीत होतं, पण 'वय' चक्क देवनागरीत. माझ्या शेजारच्या मुलीने विचारलं, "सर, हे चालतं? मराठीत?"

सरांनी माझ्या मशीनवर तेवढी पहिली ओळ चालवायची खूण केली. मी भीतभीत टाइप केलं. चालली. आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या मशीनवर त्यासाठी लागणारं सेटिंग करून ठेवलं होतं, हे नंतर कळलं. म्हणजे या तासाची त्यांनी तयारी केली होती.

"ना... नाव तुमचं," सर म्हणाले. त्यांचं आम्ही ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. "नाव कोणत्याही लिपीत ठेवा. पण त्यात काय मा... मावणार आहे, ते आधी सांगायचं. आणि ते जावाच्याच शब्दात सांगायचं."

दहा मिनिटांत लॅबमध्ये दंगा सुरू झाला. आमच्या वर्गात निम्मी मुलं खानदेशी, बाकी गुजराती, यूपीची, दोन-तीन ओडिया. प्रत्येकाने आपापल्या लिपीत नाव टाकून पाहिलं. ओडिया मुलाने गोल गोल अक्षरात काहीतरी लिहिलं आणि ते चाललं तेव्हा तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की या यंत्रासमोर मी परकी नाही.

दुसऱ्या ओळीत वयाच्या जागी अवतरणात 'एकोणीस' असं अक्षरी लिहिलं होतं. ते चाललं नाही. तिसऱ्या ओळीत साडेएकोणीस होतं, तेही चाललं नाही. सरांनी यंत्राने दाखवलेला चुकीबद्दलचा संदेश आम्हालाच मोठ्याने वाचायला लावला आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ आम्हालाच शोधायला लावला. इंट म्हणजे पूर्ण आकडा. त्यात अपूर्णांक बसवायला गेलं तर यंत्र आधीच थांबतं आणि सांगतं, काहीतरी हरवेल हं.

"मग चांगलंच आहे की ते," कुणीतरी म्हणालं.

सरांनी मान डोलावली आणि पुढच्या दिवशी दुसरी गंमत दाखवली. सात भागिले दोन. उत्तर आलं तीन. तक्रार नाही, संदेश नाही, काही नाही.

"अर्धा कुठे गेला?" सरांनी विचारलं.

त्यावर तासभर भांडण झालं. कुणी म्हणालं यंत्र चुकलं, कुणी म्हणालं आपण चुकलो. ललित म्हणाला, "सर, दोन्ही पूर्ण आकडे दिले, त्याने पूर्ण आकडाच परत दिला. त्याचा काय दोष?" सरांनी त्याच्याकडे मार्कर फेकला, म्हणजे ये आणि लिही. ललितने फळ्यावर साताच्या पुढे टिंब आणि शून्य लावलं. उत्तर साडेतीन आलं. तो जागेवर जाताना कॉलर ताठ करत गेला.

पुढे कुणीतरी मोबाइल नंबर इंटमध्ये टाकला आणि यंत्राने तो मावत नाही म्हणून परत केला. सरांनी विचारलं, "मोबाइल नंबरांची बे... बेरीज करायची आहे का तुम्हाला?" नाही. "मग तो आकड्यांनी लिहिलेला असला, तरी म... मजकूरच. स्ट्रिंगमध्ये ठेवा." इतकं साधं कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

हळूहळू आमच्या लक्षात आलं की या तासाला बोलतो तो वर्ग. सर प्रश्न टाकत आणि अडकत. त्या थांबलेल्या वेळात आमची डोकी चालायला लागत. इतर तासांना शिकवणारे प्रश्न विचारून दुसऱ्या क्षणी स्वतःच उत्तर देत. इथे ती घाईच नव्हती.

ललितने कधी माफी मागितली नाही. पण एप्रिल लागला, वर्ग नुसता तापायला लागला, तरी सर बोलायला उभे राहिले की तो उठून पंख्याचं बटण बंद करायचा. पंख्याच्या घरघरीत सरांचा आवाज ऐकू यायचा नाही म्हणून. घामाने शर्ट चिकटायचे, पण कुणी कुरकुरलं नाही.

सरांनी मला त्यांची एक जुनी वही दिली होती. त्यात सगळा जावा त्यांनी स्वतःसाठी मराठीत लिहिलेला. मध्ये ते तीन दिवस आले नाहीत, ताप होता असं कळलं. वही परत करायच्या निमित्ताने मी एका दुपारी गोडादऱ्याला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. त्यांची आई, प्रमिलाबाई, दारातच साडी पसरून तिच्यावर चमकीचे खडे चिकटवत बसल्या होत्या. सर आतल्या खोलीत झोपले होते.

"ये वं माय, बठ," त्या अहिराणीत म्हणाल्या. "तू त्यानी विद्यार्थिनी का? त्यानी जीभ अडकस, डोकं नही अडकत. शिकाडस ना बराबर?"

मी म्हटलं, फार छान शिकवतात. त्यांचा हात थांबला. त्यांना ते आणखी एकदा ऐकायचं होतं बहुतेक, म्हणून मी पुन्हा सांगितलं.

मग त्या सांगत बसल्या. कुंदनचे वडील, दगाभाऊ, कापडाच्या लूमवर होते. यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं उभं राहून कान गेलेले, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलत. साधं 'पाणी दे' म्हटलं तरी पोराला वाटायचं बाप रागावला. पोरगं चौथ्या वर्षापासून अडखळायला लागलं. प्रमिलाबाईंनी लोक सांगतील तो उपाय केला, कुणी सांगितलं म्हणून जिभेला मध चोळला, कुणी सांगितलं म्हणून नवस केला. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणावं लागायचं. 'ह' निघायचाच नाही. मास्तर दोन क्षण थांबत आणि पुढचं नाव घेत. हात वर केला तर म्हणत, तोंड नाही का?

"शाळामा ऱ्हाये रोज, पन वहीमा गैरहाजर," प्रमिलाबाई म्हणाल्या. "एक वरीस तं नापासच करं त्याले. हजेरी भरनी नही म्हने."

आतून सरांचा आवाज आला, "माय, पु... पुरे ना." ते उठून बसले होते. मला बघून ओशाळले. आई चहा टाकायला गेली आणि आम्ही बोलत बसलो. घरात ते बरंच सलग बोलत होते.

माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट मी धीर करून विचारली. सर मराठीत बोलता बोलता मध्येच 'दरवाजा'ऐवजी 'बारणुं' म्हणत, 'लवकर'च्या जागी 'जल्दी' म्हणत. आम्हाला वाटे सवयच असेल.

ते हसले. "पळवाट आहे ती. मराठी शब्द पुढे अडणार हे मला आधीच कळतं. मग गुजरातीत शिरतो. तोही अडला, तर हिंदीत. सुरतेत राहण्याचा तेवढा फा... फायदा. पण पाणी सगळीकडे पाणीच. म्हणून मी कुणाच्या घरी पाणी मागत नाही."

"आणि जावा?"

"जावात पळवाट नाही," ते म्हणाले. "बूलियनला दुसरा शब्दच नाही. म्हणूनच मला लिहायला आवडलं आणि बोलायला जमलं नाही."

लिंबायतच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ते लोकांचे फॉर्म टाइप करायचे, तिथे रिकाम्या वेळात ही भाषा शिकले. चूक झाली तर यंत्र ओळीचा नंबर सांगतं, हसत नाही आणि कितीही वेळ थांबतं, एवढ्यावरच ते तिच्या प्रेमात पडले. घरून अभ्यास करून बीसीए झाले. मग एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेले. पहिला प्रश्न होता, जावामधले मूळ डेटा टाइप सांगा. आठ आहेत. बाइट, शॉर्ट, इंट, लाँग, फ्लोट, डबल, कॅर, बूलियन. शाळेतल्या मुलालाही पाठ होतील. सर 'बाइट'वर अडले. समोरच्या माणसाने घड्याळ पाहिलं. सर 'शॉर्ट'पर्यंत पोहोचले तेव्हा तो म्हणाला, थँक यू, आम्ही कळवू.

"मला कागद द्या, असं म्हणायला हवं होतं," सर म्हणाले. "पण क... कागद म्हणायलाही वेळ लागला असता."

मी चहा घेतला आणि निघाले. वाटेत रिक्षात बसल्यावर मला पहिल्या तासाचं माझं ओढणीतलं हसणं आठवलं आणि बाहेर बघवेना. ते त्यांना सांगून टाकावं असं खूप वाटलं. सांगितलं नाही.

बरे होऊन आल्यावर सरांनी क्लास आणि ऑब्जेक्ट घेतलं. पुस्तकात गाडी आणि कुत्रा असं उदाहरण होतं. सर म्हणाले, ते राहू दे, घरात बघा. ज्या एकाच प्रकारच्या पुष्कळ वस्तू आहेत, पण प्रत्येकीतली माहिती वेगळी आहे, अशी एक शोधा. तो प्रकार म्हणजे क्लास आणि त्यातली प्रत्येक खरी वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट.

मी बाबांचा गेटपास घेतला. इच्छापोरला आत जायला तो गळ्यात घालावा लागतो. मी गेटपास नावाचा क्लास लिहिला. त्यात नाव, स्ट्रिंग. नंबर, सुरुवातीला दोन शून्यं असल्यामुळे तोही स्ट्रिंग, कारण इंटमध्ये टाकला की सुरुवातीची शून्यं गळून जायची. वय, इंट. विभाग, स्ट्रिंग. आणि शेवटी 'कायम', बूलियन, म्हणजे हो किंवा नाही. मग त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट केला: भिवा बैसाणे, वय एकावन्न, पॅकिंग. कायम बरोबर फॉल्स.

बाबा सोळा वर्षं तिथे आहेत. ठेकेदार चार बदलले. प्रत्येक वेळी नवा पास मिळाला, त्यावर 'ठेका' हा शब्द मात्र तसाच राहिला. घरी कुणी त्यावर बोलत नाही. ते मी एका शब्दात टाइप केलं होतं.

त्याच दिवशी मी 'फायनल' हा शब्द नवीन शिकले होते. तो आधी लावला की दिलेली किंमत नंतर बदलता येत नाही. शिकलेलं दाखवावं म्हणून मी तो सगळीकडे लावून टाकला होता. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. वरपासून खालपर्यंत वाचलं. नंबरच्या ओळीवर बोट ठेवून मान डोलावली. शेवटच्या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले.

"कोण?"

"बाबा."

त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि 'कायम'च्या आधीचा 'फायनल' हा शब्द पुसला.

"इथे न... नको लावूस," ते म्हणाले. "हे बदलू शकतं." आणि पुढच्या मशीनकडे गेले.

मी मान खाली घालून बसले. रडू आलं होतं, पण ते दुःखाचं नव्हतं.

मे महिन्याच्या तोंडावर कुणीतरी ऑफिसात तक्रार केली. मुलांना प्रोग्रामिंग मराठीत शिकवतात, शिकवणाऱ्याला धड बोलता येत नाही, परीक्षेत काय होणार. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडम तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. सर अर्थातच घाबरले. त्या दिवशी इफची, म्हणजे 'जर असं असेल तर'ची अट समजावायची होती. सरांनी ओळ लिहिली आणि वळून म्हणाले, "या कंसातल्या गोष्टीचं उत्तर नेहमी एकाच प्रकारचं असतं. ते म्हणजे..."

आणि अडकले. पहिल्या दिवसासारखे. डोळे मिटलेले, अंगठा दाबलेला. ललित उठला आणि त्याने पंखा बंद केला. वर्गात आम्ही चाळीस जण होतो. आम्हाला सवय होती. आम्ही फळ्यावरच्या ओळीतली चूक शोधत होतो. एक 'बरोबर'चं चिन्ह कमी होतं; तुलना करायला ती दोन लागतात.

मॅडमना ते सहन होईना. "बूलियन, कुंदनभाई," त्या मागून म्हणाल्या. "बूलियन. बोलो ने. बूलियन!"

सरांचे डोळे उघडले. त्यांच्या तोंडातून 'बू' निघाला होता, तो परत आत गेला.

ललित उभाच होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि हिंदीत, पण अदबीने म्हणाला, "मॅडम, सर बता रहे हैं."

मॅडम मागे टेकून बसल्या. आम्ही थांबलो. किती वेळ, कुणी मोजला नाही. मग सर म्हणाले, "बू... बूलियन," आणि त्याला जोडूनच, एका दमात, "आणि ओळीत चूक आहे, ती कुणी शोधली?" एकदम पंधरा हात वर झाले.

मॅडमनी त्यानंतर आम्हाला पाच-सहा प्रश्न विचारले. इंट आणि डबलमधला फरक, क्लास आणि ऑब्जेक्टमधला फरक. मुलं मोडक्या इंग्रजीत, हिंदीत, गुजरातीत उत्तरं देत होती, पण बरोबर देत होती. तास संपल्यावर त्या सरांना बाहेर घेऊन गेल्या. मी दाराजवळच्या बाकावर होते, म्हणून ऐकू आलं. "तुम्ही छान शिकवता, कुंदनभाई," त्या गुजरातीत सांगत होत्या. "पण नियमाप्रमाणे एमसीए झालेला माणूस लागतो. माझ्या हातात नाही. तुम्ही एमसीए करा." त्या खोटं बोलत नव्हत्या. चेहरा पडला होता त्यांचाही.

दोन आठवड्यांनी नवीन सर आले आणि पडद्यावरची पानं पुन्हा सरकायला लागली. कुंदनसर लॅबमध्ये आपल्या कोपऱ्यात गेले. पण आता त्या कोपऱ्याभोवती कायम चार-पाच जणांचा घोळका असे. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, क्लास म्हणजे काय? माझं इंग्रजी घशातच राहिलं. सहा महिन्यांपूर्वी मी 'माहीत नाही' म्हणून उठले असते. मी म्हटलं, "सर, एक मिनिट." आणि ते मिनिट खरंच घेतलं. मग सांगितलं, तुटक तुटक, पण पूर्ण. त्यांनी ऐकून घेतलं. आमच्या वर्गातले जवळजवळ सगळे जावात पास झाले. तक्रार कुणी केली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

याला आता पाच वर्षं झाली. सरांनी मॅडमचं बोलणं मनावर घेतलं आणि नोकरी सांभाळून एमसीए केलं. तीन वर्षं लागली. आमच्या कॉलेजने मात्र त्यांना घेतलं नाही. जागा निघाली तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी बोलण्याचंच कारण दिलं. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी सह्यांचं पत्र दिलं, त्याचाही उपयोग झाला नाही. सर वर्षभर खचले होते. प्रमिलाबाई मला फोन करून म्हणायच्या, जेवत नाही, तू ये. मी जायचे. नुसती बसायचे. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लहानशा कॉलेजने त्यांना घेतलं. तिथे मुलाखतीला बोलावलं तेव्हा सरांनी आधीच लिहून कळवलं होतं, की माझी मुलाखत प्रश्नोत्तरांची नको, मला एक वर्ग द्या आणि मागे बसा. त्या लोकांनी ऐकलं.

मी स्वतः एका छोट्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. आवडतं मला. ओढणीतल्या हसण्याची गोष्ट मी सरांना गेल्या दिवाळीत सांगून टाकली. ते म्हणाले, "माहीत होतं. तू प... पहिल्याच बाकावर होतीस."

मागच्या रविवारी गोडादऱ्याच्या भाजी बाजारात ते दोघं भेटले, सर आणि प्रमिलाबाई. सर नव्या मुलांबद्दल कुरकुर करत होते. हल्लीची मुलं प्रश्न मोबाइलला विचारतात आणि आलेला कोड जसाच्या तसा उतरवतात. चालतो, पण का चालतो ते सांगता येत नाही.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"त्यांना एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावतो. आणि वि... विचारतो, हे इथे इंटच का आहे? मग जी गप्प होतात, त्यांच्या शेजारी जाऊन बसतो."

"तठे त्याले कोन्ही हसत नही म्हने," मध्येच प्रमिलाबाई म्हणाल्या आणि मेथीची जुडी उलटून पाहायला लागल्या. सर त्यांना सांगत होते की असं नाही, माय, हसतात, पहिल्या दिवशी सगळेच हसतात. एवढं बोलेपर्यंत त्यांना बराच वेळ लागला. भाजीवाली पिशवी पुढे करून उभी होती. तिने ती खाली ठेवली आणि त्यांचं वाक्य संपायची वाट पाहिली.